बियांपासून मिरची : पेरणीपासून बी धरण्यापर्यंत

मिरचीचे बी पेरल्यापासून पहिले पिकलेले फळ हातात येईपर्यंत साधारणपणे चार ते पाच महिने जातात. मात्र ते फळ येणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांतच ठरून गेलेले असते. घरी लावलेली मिरची फसते तेव्हा दोष बियाण्याला किंवा खताला दिला जातो. प्रत्यक्षात मुळाशी दोनच गोष्टी असतात : उगवणीच्या वेळी उबेची कमतरता आणि उगवण झाल्यानंतर पाण्याचा अतिरेक. या लेखात पेरणीपासून बी धरण्यापर्यंतचा सगळा क्रम आला आहे, परंतु भर मुद्दाम सुरुवातीच्या टप्प्यावर ठेवला आहे, कारण तिथे घेतलेली काळजी पुढचे अर्धे काम वाचवते.

या झाडाचा स्वभाव आधी समजून घ्यावा. मिरची मूळची अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांची. आपण तिला एका हंगामाचे पीक मानतो, पण ती स्वभावतः बहुवर्षायू आहे. कडाक्याच्या थंडीपासून वाचवली तर तेच झाड पुढल्या वर्षीही फळते. माणसाने लागवडीखाली आणलेल्या तिच्या मुख्य प्रजाती पाच आहेत, आणि आपल्या हातातील बी त्यांपैकी कोणत्या प्रजातीचे आहे हे ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. नेहमीच्या हिरव्या-लाल मिरच्या आणि ढोबळी मिरची ‘कॅप्सिकम अ‍ॅन्युअम’ या प्रजातीत मोडतात आणि त्या तुलनेने लवकर उगवतात. हबानेरोसारख्या अतितिखट मिरच्या ‘कॅप्सिकम चायनेन्स’ प्रजातीच्या; त्यांना उगवायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. ‘कॅप्सिकम प्यूबेसेन्स’ ही काळ्या बियांची प्रजाती मात्र थंड हवेत अधिक रमते आणि तिला कडक उन्हाळा सोसत नाही.

बियाणे

बी शक्यतो मागच्या हंगामातील असावे. कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवलेले मिरचीचे बी दोन ते चार वर्षे तग धरते, परंतु दरवर्षी उगवण घटत जाते आणि जुन्या बियांचे रोप अशक्त निघते. पाकिटावर ‘एफ-१’ असे लिहिले असेल तर ते संकरित वाण आहे. त्याची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते, मात्र त्याच्या फळांतील बी पुढे पेरल्यास झाडे मूळ वाणासारखी निघत नाहीत. ज्यांना स्वतःचे बी धरायचे आहे त्यांनी सरळ किंवा पारंपरिक वाण निवडावा.

स्वयंपाकघरातील वाळलेल्या मिरचीचे बी पेरावे का, हा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. पेरायला हरकत नाही, पण त्यात दोन अडचणी आहेत. फळ उच्च तापमानाला वाळवलेले असेल तर बीज मेलेले असते, आणि ते फळ कोणत्या वाणाच्या शेजारी वाढले हे आपल्याला ठाऊक नसते. हिरव्या मिरचीतील पांढुरके, मऊ बी तर पेरूच नये, ते पक्व झालेलेच नसते. शंका असेल तेव्हा दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवाव्यात. दोन आठवड्यांत त्यांतील सहा-सात बियांना मोड आले तर ते बियाणे पेरण्याजोगे समजावे.

पेरणीची वेळ

वेळ ठरवताना महिन्याचे नाव पाहण्यापेक्षा रात्रीचे तापमान पाहावे. रोप बाहेर कायमच्या जागी लावायचे ते रात्रीचा पारा 13 अंश सेल्सिअसच्या खाली जाणे थांबल्यावर. त्या दिवसापासून मागे आठ ते दहा आठवडे मोजावेत आणि तेव्हा घरात पेरणी करावी. चायनेन्स प्रजातीसाठी याहून दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करावी. जिथे कडाक्याची थंडी पडतच नाही तिथे हिशेब उलटा करावा लागतो; झाडे फुलावर येण्याचा काळ ऐन उन्हाळ्याच्या तडाख्यात सापडणार नाही, अशा बेताने पेरावे.

माध्यम आणि पेरणी

बियांना सुरुवातीला खताची गरज नसते. बीजातला अन्नसाठा त्यांना पहिली पाने येईपर्यंत पुरतो. म्हणून पेरणीचे माध्यम हलके, भुसभुशीत आणि रोगमुक्त असावे, सुपीक असलेच पाहिजे असे नाही. धुऊन घेतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग आणि चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळखत एक भाग हे मिश्रण पुरेसे आहे. त्यात थोडे परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज दाणे) किंवा जाडसर धुतलेली वाळू घातली तर निचरा आणखी सुधारतो. अंगणातील माती या टप्प्यावर वापरू नये, कारण ती पाण्याने चिकट होऊन बसते आणि रोप कोलमडवणाऱ्या बुरशीही सोबत आणते. कच्चे किंवा अर्धवट कुजलेले शेणखत तर कटाक्षाने टाळावे.

बिया पेरण्यापूर्वी आठ ते बारा तास कोमट पाण्यात भिजवाव्यात. त्याहून जास्त वेळ भिजवल्याने काही साधत नाही, उलट बीजाला प्राणवायू मिळेनासा होतो. पेरणीचा ट्रे किंवा तळाला छिद्रे पाडलेले छोटे पेले माध्यमाने भरून हलके दाबावेत, आधी पाणी घालून निथळू द्यावे आणि मग प्रत्येक खणात दोन बिया अर्धा ते एक सेंटिमीटर खोल ठेवून वर भुरभुर माध्यम पसरावे. बी फार वर राहिले तर बीजकवच कोरडे पडून पानांना चिकटून बसते. फार खोल गेले तर कोवळ्या अंकुराची ताकद वर येण्यातच संपते. पेरल्या क्षणी वाणाचे नाव आणि तारीख लिहिलेली पट्टी खोचावी. सगळ्या मिरच्यांची रोपे लहानपणी सारखीच दिसतात आणि आठवणीवर भिस्त ठेवणारे पुढे हमखास गोंधळतात.

आता ऊब. माध्यमाचे तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस असेल तर अ‍ॅन्युअम प्रजातीचे बी सात ते चौदा दिवसांत वर येते आणि चायनेन्सला दोन ते चार आठवडे लागतात. तापमान 20 अंशांच्या आसपास घुटमळत राहिले तर हाच काळ कितीतरी लांबतो, आणि 15 अंशांखाली बी जवळजवळ निपचित पडून कुजू लागते. इथे हवेचे नव्हे, तर माध्यमाचे तापमान महत्त्वाचे आहे. ओले माध्यम बाष्पीभवनामुळे खोलीच्या हवेपेक्षा थंड असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रेखाली घालायची तापमान नियंत्रक असलेली उष्ण चटई मिळाली तर उत्तम. ती नसेल तर शीतकपाटाच्या माथ्यावरची किंवा सतत चालू असणाऱ्या एखाद्या उपकरणाजवळची उबदार जागा शोधावी. उगवणीपुरती उजेडाची गरज नसल्यामुळे जागा अंधारी असली तरी चालते. ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लॅस्टिकचा कागद ठेवावा आणि दिवसातून एकदा तो काही मिनिटे उघडावा. पाणी द्यायचेच असेल तर ते कोमट असावे आणि खालच्या ताटलीतून द्यावे.

या काळात सर्वांत कठीण काम म्हणजे काहीही न करणे. दहाव्या दिवशी माती उकरून बी पाहण्याचा मोह आवरावा. नुकताच फुटलेला मूलांकुर इतका नाजूक असतो की त्या एका तपासणीत तो तुटतो.

उगवल्यानंतरचे पंधरा दिवस

पहिला हिरवा वेल्हाळ बाक मातीतून डोकावला की त्याच दिवशी झाकण काढावे आणि ट्रे उजेडात आणावा. एक दिवसाचा उशीरही इथे महाग पडतो. अंधारात रोप उजेडाच्या शोधात पांढुरके, उंच आणि किडकिडीत होते आणि अशी खोडे पुढे कधी भरत नाहीत. खिडकीतील उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटला तरी रोपाला तो बहुधा अपुरा असतो. दक्षिणेकडील किंवा पूर्वेकडील, सकाळचे थेट ऊन येणारी खिडकी असेल तर ट्रे रोज अर्धा वळवावा म्हणजे रोपे एका बाजूला झुकणार नाहीत. ऊन नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतरावर टांगून रोज 14 ते 16 तास चालू ठेवावेत आणि रात्री रोपांना अंधार मिळू द्यावा. पाने खाली वळली किंवा फिकट पडली तर दिवा जरा वर घ्यावा.

कधी कधी बीजकवच टोपीसारखे बीजपत्रांवर, म्हणजे बीजातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांवर, अडकून राहते. ते नखाने ओढू नये. पाण्याचा एक थेंब सोडून अर्धा तास थांबावे. मऊ झाल्यावर ते बहुधा आपोआप सुटते, नाहीतर चिमट्याने अलगद निघते.

याच पंधरवड्यात रोपे कोलमडण्याचा रोग गाठतो. संध्याकाळी टवटवीत असलेले रोप सकाळी मातीलगत पिचून आडवे पडलेले दिसते, खोडाचा तो भाग दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी झालेला असतो. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचा हा प्रताप असतो, आणि एकदा आडवे पडलेले रोप वाचत नाही, तेव्हा सगळा उपाय आधीचाच. माध्यमाचा वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये कोरडा होऊ द्यावा, रोपांवरून पाणी शिंपडू नये, दाट उगवलेली रोपे विरळ करावीत आणि छोट्या पंख्याचा वारा अगदी मंद गतीने काही तास रोपांवरून वाहू द्यावा. वाऱ्याच्या त्या झुळुकीने खोडही बळकट होते. विरळणी करताना एका खणातील दुबळे रोप उपटू नये, कारण त्याची मुळे शेजाऱ्याच्या मुळांत गुंतलेली असतात. ते कात्रीने मातीलगत कापावे.

शेतकऱ्यांच्या बोलीत ‘वाफसा’ हा एक नेमका शब्द आहे. माती ओली आहे पण चिखल नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोचला की तो फुटतो, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि वाफशाच्या मातीत दोन्ही एकाच वेळी असतात. मिरचीला जन्मभर हीच अवस्था मानवते. पाणी देण्याचे वेळापत्रक भिंतीवर लावण्यापेक्षा रोज सकाळी मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहावे. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

पहिले स्थलांतर आणि रोपे काटक करणे

बीजपत्रांनंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप आठ-दहा सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत हलवावे. रोप नेहमी पानाला धरून उचलावे, खोडाला कधीच नाही. पान दुखावले तर नवे येते, खोड चिरडले तर रोपच जाते. किडकिडीत वाढलेले रोप बीजपत्रांपर्यंत खोल लावले तरी चालते, पण टोमॅटोप्रमाणे पुरलेल्या खोडाला भराभर मुळे फुटतील अशी अपेक्षा मिरचीकडून ठेवू नये. या कुंडीच्या मिश्रणात गांडूळखताचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाढवावे. स्थलांतरानंतर दोन-तीन दिवस तीव्र उजेड टाळावा. रोप थोडा वेळ थबकल्यासारखे वाटते, ते मुळे पसरवत असते.

बाहेर नेण्यापूर्वी रोप काटक करणे आवश्यक आहे. घरात वाढलेल्या पानांना थेट ऊन ठाऊक नसते. एका दुपारच्या उन्हाने त्यांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी सावलीत एक तास, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात एक-दोन तास, असे वाढवत सात ते दहा दिवसांत रोप दिवसभर बाहेर राहण्याजोगे करावे.

कायमची कुंडी

एका झाडाला किमान 10 लिटर मातीची कुंडी द्यावी; मोठ्या वाढीच्या वाणांना 15 ते 20 लिटर लागते. पण लहान रोप एकदम प्रचंड कुंडीत लावू नये, कारण मुळे पोहोचलेली नसतात ती सगळी माती ओलीच राहते. चांगली बागेची माती, कुजलेले खत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन त्यात निचऱ्यासाठी वाळू किंवा परलाइट मिसळावे. मातीचा सामू (पीएच) 6 ते 7 च्या दरम्यान मानवतो. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा सुधारतो ही समजूत सर्वदूर आहे, पण ती खरी नाही. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहज उतरत नाही आणि ओलीचा थर वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रावर जाळीचा एक तुकडा ठेवून थेट मिश्रण भरावे.

मागच्या हंगामात टोमॅटो, वांगी, बटाटा किंवा मिरचीच लावलेली माती पुन्हा वापरू नये. ही सगळी एकाच कुळातील पिके असल्यामुळे त्यांचे रोगही सामाईक असतात. तंबाखू त्याच कुळातील. तंबाखू हाताळणाऱ्याने रोपांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण तंबाखूवरील मोझॅक विषाणू मिरचीला लागतो.

झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळावे. लागवडीच्या वेळीच आधाराची काठी रोवावी, नंतर रोवल्यास मुळे दुखावतात. शेंडा खुडावा की नाही याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते बुटक्या, आपोआप फांद्या फुटणाऱ्या वाणांचा शेंडा खुडून उगाच दोन आठवडे गमावू नयेत. सरळसोट वाढणाऱ्या रोपाचा मात्र सात-आठ पानांवर खुडावा.

पाणी, खत आणि फुले

कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घेणे हा पाण्याचा सर्वांत भरवशाचा अंदाज आहे. पाणी द्याल तेव्हा तळातून निथळेपर्यंत द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. भर दुपारी पाने मलूल होऊन संध्याकाळी सावरत असतील तर घाबरून पाणी घालू नये. सकाळीही पाने लोंबत असतील तर मातीत बोट घालून पाहावे. माती ओली असूनही झाड मलूल असेल तर मुळे गुदमरत आहेत, आणि तिथे आणखी पाणी देणे म्हणजे झाडाचा शेवट लवकर घडवून आणणे होय. मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातले तर ओल एकसारखी टिकते.

वाढीच्या काळात दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरेसे होते. कळ्या दिसू लागल्या की नत्र (नायट्रोजन) कमी करून पालाश (पोटॅश) अधिक असलेले द्रवरूप खत पाकिटावरील मात्रेच्या निम्मे द्यावे. गर्द हिरवे, पानांनी लदलेले पण फुलेच नसलेले झाड हे जास्त नत्राचे लक्षण आहे. फळाच्या टोकाशी काळपट, खोलगट डाग पडत असेल तर चुना घालण्याआधी पाण्याची सवय तपासावी. तो डाग फळाला कॅल्शियम न पोहोचल्याने पडतो, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असूनही पाणी कधी कमी, कधी जास्त मिळाल्यामुळे ते फळापर्यंत जात नाही.

पहिले फूल खोड दुभंगते त्या बेचक्यात येते. झाड लहान असेल तर ते काढावे, ताकद फांद्यांकडे जाते. मिरचीच्या फुलात नर आणि मादी दोन्ही अंगे असतात, त्यामुळे एकटे झाडही फळते. घरात कीटक येत नसतील तर दुपारच्या सुमारास फांद्या हलकेच हलवाव्यात. फुले गळू लागली की माणूस हवालदिल होतो, पण दिवसाचा पारा 35 अंशांकडे सरकला, रात्र फार उष्ण झाली किंवा 13 अंशांखाली गेली, तर झाड फुले टाकतेच. अशा वेळी दुपारची सावली द्यावी आणि हवामान बदलण्याची वाट पाहावी; फवारण्या करत सुटू नये.

पाने आकसली तर

मिरचीच्या पानांचा चुरडा-मुरडा हे एकाच रोगाचे नाव नाही, ते अनेक कारणांचे एकच दिसणारे रूप आहे, आणि कारण ओळखल्याशिवाय केलेला उपाय वाया जातो. पानांच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल तर बहुधा फुलकिडे असतात. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला की बारीक, लांबट किडे धावताना दिसतात. कडा खाली वळल्या, पान अरुंद आणि खरखरीत झाले तर कोळी नावाची सूक्ष्म कीड, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पाने लहान, जाडसर, पिवळट होऊन शेंड्याचा गुच्छ झाला आणि झाडाची वाढ खुंटली, तर पांढरी माशी पसरवत असलेल्या विषाणूची शंका घ्यावी. विषाणूवर औषध नाही. ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे, म्हणजे शेजारची झाडे वाचतात.

मावा आणि पांढरी माशी यांना पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारून पुष्कळ आटोक्यात ठेवता येते. त्याने भागले नाही तर एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि काही थेंब सौम्य द्रवसाबण घोटून, आधी एका पानावर पाहून, सूर्यास्ताच्या वेळी पानांच्या खाली फवारावे. आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा करावे, कारण एका फवारणीने अंडी मरत नाहीत. आठवड्यातून एकदा पाने उलटून पाहणाऱ्याला मात्र फवारणीची पाळी क्वचितच येते.

तोडणी आणि बी

लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांत हिरवी फळे तोडण्याजोगी होतात, रंग पालटायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. हिरवी फळे नियमित तोडत राहिल्यास झाड नवी फुले धरते. सगळी लाल होऊ दिल्यास नवी फुले कमी होतात. फळ ओढू नये, देठासह कात्रीने कापावे. तिखटपणा देणारे कॅप्सेसिन बियांमध्ये नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढुरक्या गाभ्यात तयार होते, आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून तिखट फळे चिरताना हातमोजे घालावेत. हात भाजू लागले तर आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत.

गोड मिरची तिखट मिरचीशेजारी लावली तर तीही तिखट होते, असे अनेकजण मानतात. शेजारच्या परागाचा परिणाम या वर्षीच्या फळावर होत नाही, तो त्या फळातील बियांमध्ये उतरतो आणि पुढच्या पिढीत दिसतो. त्यामुळे बी धरायचे असेल तर एका निरोगी झाडाच्या फांदीवर कळ्या उमलण्यापूर्वी मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधावी, रोज हलवावी, फळे धरल्यावर पिशवी काढून त्या फळांच्या देठांना रंगीत दोरा बांधावा. फळ पूर्ण रंगून किंचित सुरकुतल्यावर तोडावे, बी काढून सावलीत, हवेशीर जागी आठवडा-दोन आठवडे पसरून वाळवावे. बी वाकवले असता लवचिकपणे न वळता मोडले म्हणजे ते वाळले. मग कागदी पाकिटात घालून, वर वाण आणि वर्ष लिहून, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे.